ते आत आहेत

४ फेब्रुवारी

ताई, नमस्कार.

मोफत कायदा सल्ला केंद्रात परवा तुम्ही जिच्या टेबलासमोर बसला होता, ती मी वकील. आठवत असेन अशी आशा आहे, कारण तुम्ही पूर्ण वेळ टेबलाच्या कडेकडे बघत होता.

मी विचारलं, मिस्टरांना घटस्फोट हवा आहे, तुमचं काय म्हणणं? तुम्ही म्हणालात, चालेल. चष्म्याचं दुकान कागदावर दोघांच्या नावाने आहे, पण ते एकट्याने ठेवून तुम्हाला थोडी रक्कम देऊन मोकळं करायचं म्हणतात. चालेल. चहा घेणार? चालेल. तो चहाही तुम्ही घेतला नाहीत.

माझ्याकडे भांडणारी माणसं येतात, रडणारी येतात. मला भीती वाटते ती 'चालेल' म्हणणाऱ्यांची. ती मुकाट्याने सही करून जातात आणि वर्षभराने दारात येऊन उभी राहतात. तेव्हा माझ्या हातात काही उरलेलं नसतं.

तुम्हाला बोलता येत नसेल तर लिहा. छापील अर्ज नको, साधं पत्र. दुकान कसं उभं राहिलं, कोणी काय घातलं, कोण काय काम करायचं. वाटणी ठरवताना मध्यस्थ हेच विचारणार आहेत. शुद्धलेखन तपासणार नाही.

तुमची,
वकीलबाई

११ फेब्रुवारी

वकीलबाई, नमस्कार.

तुम्ही लिहायला सांगितलंत हे बरं झालं. समोर माणूस असला की माझे शब्द अडतात.

दुकान लहान आहे. पुढे काउंटर, मग पडदा, आणि पडद्यामागे नंबर तपासायची खोली. ते दुकान त्यांनी घेतलं तेव्हा तिथे एक छत्र्या दुरुस्त करणारा बसत असे. भिंतींना ओल होती. ती त्यांनी स्वतः खरवडली आणि रंगही स्वतःच दिला. काचा घासायचं मशीन त्यांनी आणलं. जुनं होतं. सुटं करून साफ केलं आणि पुन्हा जोडलं. तेच अजून चालतं.

मला काम त्यांनीच शिकवलं. अंधाऱ्या खोलीत गिऱ्हाइकाच्या नाकावर तपासणीची जड गोल फ्रेम ठेवायची, आधी एक काच सरकवायची, मग दुसरी, आणि विचारायचं, "हे बरं, की ते?" पुष्कळ माणसं कंटाळून "दोन्ही चालेल" म्हणतात. त्यावर ते म्हणायचे, "चालेल नाही. नीट बघून सांगा. मला घाई नाही." तुमचं पत्र वाचून मला तेच आठवलं. तपासणीची परीक्षा मी रीतसर पास झाले आहे, पण आत बसायचे ते. मी काउंटरवर. कोणी आलं की सांगायचं, ते आत आहेत, बसा.

ते गेले त्या दिवशी दुकान उघडं होतं. एका बाईंचा चष्मा तयार होता, तो त्यांना दिला आणि मग मी कुलूप लावलं. तेव्हापासून पडद्यामागे गेलेले नाही. त्यांचा चष्मा आत टेबलावरच आहे.

ह्यांच्याबद्दल वाईट लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही. आमचं जमलं नाही. भांडणाचं त्राण आता माझ्यात नाही, म्हणून चालेल म्हणते.

आपली,
चष्म्याच्या दुकानातली

१९ फेब्रुवारी

ताई,

न बोलणारं माणूस लिहायला लागलं की असं लिहितं होय! पत्र दोनदा वाचलं.

त्यावरून मध्यस्थांना द्यायची हकिगत तयार केली आहे. कायद्याची भाषा पुढे येईलच, सध्या तुमचेच शब्द ठेवले आहेत. सुरुवातीला तुमच्या लग्नाची आणि वेगळं राहण्याची माहिती आहे, आणि मग असं: 'दुकान त्यांनी घेतले. भिंती त्यांनी रंगवल्या. यंत्र त्यांनी आणले व स्वतः जोडले. मला काम त्यांनी शिकवले. ते आत तपासणी करीत, मी काउंटर सांभाळत असे.'

तुम्हाला अंधारात ठेवत नाही. असं असेल तर तुमची बाजू लंगडी आहे. सगळं त्यांनीच केलं म्हटल्यावर मी दुकानात वाटा कोणत्या तोंडाने मागू? काउंटरवरच्या कामाबद्दल काही रक्कम मिळेल, आज ते देतात त्याहून थोडी जास्त. पण दुकानातून तुम्हाला उठावं लागेल.

मध्यस्थांची तारीख आठ एप्रिलची आहे. नीट वाचा. चुकीचं असेल ते खोडा, बरोबर असेल तर सही करून पाठवा.

तुमची,
वकीलबाई

२४ फेब्रुवारी

वकीलबाई, नमस्कार.

हकिगत वाचली. चूक कुठेच नाही. त्यांच्याबद्दल इतकं नेमकं आजवर कोणी लिहिलं नव्हतं. 'स्वतः जोडले' इथे मी थांबले. मशीन जोडताना ते तोंडात स्क्रू धरायचे आणि त्या वेळी कोणी काही विचारलं तर नुसते भुवयांनी उत्तर द्यायचे, ते डोळ्यांसमोर आलं. माणूस गेल्यावर त्याने काय केलं हे असं सरळ कागदावर उतरलेलं पाहिलं की फार बरं वाटतं.

वाट्याचं तुम्ही म्हणता ते खरंच आहे. सगळं त्यांनी केलं, मी त्यात काय घातलं? दुकान सुटलं तर मला कुठे जायचं ते सुचत नाही, कारण दुसरीकडे मी कधी बसलेलीच नाही. पण जे नाही ते माझं म्हणवत नाही. सही केली आहे.

सकाळी कुलूप काढताना अजून मी आधी दारावर दोनदा टकटक करते. ते लवकर येऊन आत बसलेले असत आणि एकदम दार उघडलं तर दचकत. सवय जात नाही.

तुम्ही फी घेत नाही, म्हणून आभार तरी पुरेसे मानू द्या. आणखी एक. तुम्ही कागद फार लांब धरून वाचता. नंबर वाढला असावा.

आपली,
चष्म्याच्या दुकानातली

१ मार्च

ताई,

सही केलेला कागद माझ्या खणात आहे. पुढे पाठवलेला नाही, कारण मला झोप येईना.

बायकांनी सोडून गेलेल्या नवऱ्यांबद्दल लिहिलेलं मी ढीगभर वाचलं आहे. त्यातले बरेच शब्द कोर्टात वाचताना गाळावे लागतात. तुमच्यासारखं कोणी लिहिलेलं नाही. तोंडात धरलेले स्क्रू काय, दारावरची टकटक काय. जीव एवढा अडकला असेल तर घटस्फोट हवा कशाला? मिस्टरांशी मी एकदा बोलून पाहू का? गेलेली माणसं परत आलेली मी पाहिली आहेत. समेट करण्यात कमीपणा नसतो.

आणि यायचंच नसेल, तर मोठ्या बहिणीचं ऐका. ते गेले ते एका परीने बरंच झालं. रोज डोळ्यांसमोर राहून तुटत जाण्यापेक्षा एकदाच काय ते झालं. आता तो चष्मा टेबलावर मांडून बसू नका. कुरिअरने पाठवून द्या.

कडक लिहिते आहे, पण तुमच्याच भल्यासाठी.

तुमची,
वकीलबाई

१२ मार्च

ताई,

उत्तर नाही. केंद्रातून फोन केला, तोही तुम्ही उचलला नाही. तारीख जवळ येते आहे. माझं काही चुकलं का?

वकीलबाई

१६ मार्च

वकीलबाई, नमस्कार.

उशीर झाला. मला राग आला होता, आणि राग आला की मी लिहीत नाही. ते गेले ते बरं झालं असं मला कोणी म्हटलं नव्हतं. कुरिअर कुठे पाठवू, हा प्रश्न घेऊन मी दोन दिवस फिरत होते.

काल गिऱ्हाईक नव्हतं. तुमची पत्रं काढून पहिल्यापासून वाचली आणि तुम्ही कोणाबद्दल लिहिताय ते एकदम लक्षात आलं. वकीलबाई, 'ते' म्हणजे माझे मिस्टर नव्हेत. ते माझे वडील. ऑक्टोबरात वारले.

चूक माझी आहे. दुकानात त्यांना नात्याने हाक मारायची मला बंदी होती. गिऱ्हाइकाला वाटतं, पोरगी आहे म्हणून बसवली, काम येत नसणार. म्हणून मी शाळेतून येऊन काउंटरवर बसायचे तेव्हापासून दुकानात 'ते'. पुढे लग्न झालं आणि हे दुकानात काम शिकायला आले. शेजारचे शिंपी ह्यांना दुकानजावई म्हणायचे. मग आम्ही दोघं काउंटरवर आणि ते आत. आम्हा तिघांत कधी घोटाळा झाला नाही. त्यांनी आमच्या लग्नानंतर दुकान आम्हा दोघांच्या नावावर करून दिलं, तेही मी लिहायला हवं होतं. मला वाटलं, दुकान त्यांचं हे सगळ्यांना माहीतच असतं.

तुम्हाला पत्र लिहायला बसले तेव्हा नेहमीचा शब्द लिहिता येईना, म्हणून दुकानातला लिहिला. ते गेल्यावर महिन्याभरातच ह्यांनी वेगळं व्हायचं बोलून दाखवलं. दोन्ही एकदम आल्याने कोणतं रडू कोणासाठी, ते माझं मलाच नीट सांगता येत नव्हतं. तिथे तुम्हाला काय कळणार?

तुमची ती समेटाची ओळ वाचून काल मला हसू आलं. ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा. शिंपी दारातून डोकावून गेले.

आपली,
चष्म्याच्या दुकानातली

१८ मार्च

ताई,

पत्र वाचून मी टेबलावर डोकं टेकलं. पलीकडच्या टेबलावरचे वकील म्हणाले, "काय बाई, केस हरलात?" म्हटलं, "हरलेच होते, अशिलाने वाचवली."

तुमच्या दुःखावर मी मीठ चोळलं. माफ करा. तो चष्मा कुठेही पाठवायचा नाही.

असं का वाचलं, ते तुम्हाला सांगायला हवं. माझंही लग्न मोडलेलं आहे. घरातून सामान गेलं त्या आठवड्यात माझ्या तोंडचा 'हे' गेला आणि 'ते' आला. तुमच्या पत्रात दोन्ही दिसले आणि वाटलं, हिचंही तसंच झालं. विचारायला हवं होतं. इतकी वर्षं लोकांना विचारायचेच पैसे घेते आहे, आणि इथे फुकट होतं तर विचारलं नाही.

सहीचा कागद फाडला. आता तीच हकिगत पुन्हा वाचा, 'त्यांनी'च्या जागी 'माझ्या वडिलांनी' घालून. दुकान तुमच्या वडिलांनी घेतलं, मशीन त्यांनी आणलं, काम तुम्हाला आणि जावयाला त्यांनी शिकवलं. लंगडी बाजू उठून चालायला लागली की नाही? मिस्टरांचे कष्ट खोटे नाहीत. त्या कष्टांचं मोल द्यावं लागेल आणि ते द्यावंच. पण दुकानातून तुम्ही उठण्याचं कारण नाही.

खरेदीचे जुने कागद मिळाले तर बरं. अडचण निराळीच आहे. आमचे मध्यस्थ आधी नवरा-बायकोला एकटं बसवून बोलतात, वकिलांना बाहेर ठेवतात. तिथे पत्र चालणार नाही. तुम्हाला बोलावं लागेल. काय बोलायचं ते तुम्ही ठरवा. काय बोलायचं नाही तेवढं मी सांगते. चालेल.

तुमची,
वकीलबाई

२७ मार्च

वकीलबाई, नमस्कार.

बँकेच्या खात्याचे आणि विम्याचे तपशील सोबत आहेत. खरेदीचे कागद मिळाले नाहीत. ते शोधायला म्हणून पडद्यामागे गेले. कपाटात जुन्या काचा, पुसायची फडकी आणि एका पाकिटात तिळाएवढे स्क्रू. धूळ पुसली, खुर्ची जागेवर ठेवली. त्यांच्या चष्म्याच्या काचा मळल्या होत्या, त्याही पुसल्या.

बोलण्याची भीती वाटते. मशीन चालू करून त्याच्या आवाजात म्हणून बघते, तेव्हा जमतं. तिथे मशीन नसेल.

तुम्ही माफी मागू नका. तुमच्यामुळे मला तो शब्द निदान एकदा 'वडील' असा लिहिता आला.

आपली,
चष्म्याच्या दुकानातली

९ एप्रिल

वकीलबाई, नमस्कार.

काल तुम्ही बाहेर बाकावर होतात. आम्ही खोलीतून आलो तेव्हा तुम्ही विचारलंत, काय झालं, आणि मी नुसती मान हलवली. म्हणून लिहिते.

खोलीत आम्ही दोघं आणि मध्यस्थ. हे आधी बोलले. इतकी वर्षं राबलो, गिऱ्हाईक वाढवलं, पुढची शोकेस कर्ज काढून केली, दुकान मी उभं केलं आहे, हिला रक्कम देतो. त्यातलं बरंच खरं आहे. मध्यस्थ मला म्हणाले, "बाई, तुम्हाला मान्य आहे?"

मी म्हणाले, "चालणार नाही."

आवाज इतका बारीक निघाला की मध्यस्थांनी कानामागे हात धरला. दुसऱ्यांदा म्हटलं ते नीट ऐकू गेलं. हे माझ्याकडे बघतच राहिले. हा शब्द माझ्या तोंडून ह्यांनी ऐकला नव्हता. पुढचं वाक्य मी पाठ केलं होतं, ते काही आठवेना. मी एवढंच म्हणाले, "मशीन कोणी आणलं ते ह्यांना विचारा."

मध्यस्थांनी विचारलं. हे म्हणाले, "त्यांनी."

"आणि तुम्हाला काम कोणी शिकवलं?"

"त्यांनीच."

मध्यस्थांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्यांनी?"

ह्यांना हसू फुटलं. मलाही. मध्यस्थ चष्मा काढून आमच्याकडे बघायला लागले. वेगळं व्हायला आलेलं जोडपं असं हसताना त्यांनी पाहिलं नसावं. त्या खोलीत 'ते' म्हणजे कोण हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. तुम्हाला समजावून सांगायला मला एक अख्खं पत्र लागलं होतं.

मग हे खाली बघून म्हणाले, "सासऱ्यांनी. ते आत असायचे." मध्यस्थांनी घाई केली नाही. शेवटी हे म्हणाले, "दुकान हिचं आहे. माझ्या कामाचं काय ते ठरवा. बाकी मी मागत नाही."

बाहेर येताना दारापाशी ह्यांनी विचारलं, "त्यांचा चष्मा अजून टेबलावर आहे?" मी हो म्हटलं. "असू दे," म्हणाले.

आमचा संसार झाला नाही. पण त्यांनी खोटं बोलायचं नाकारलं, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. इथे 'त्यांची' म्हणजे ह्यांची. घोटाळा नको म्हणून लिहिताना लगेच कळवते आहे.

आपली,
चष्म्याच्या दुकानातली

१७ एप्रिल

ताई,

पत्र वाचून बाकावर बसून काढलेला तो सगळा वेळ वसूल झाला.

तडजोडीचा मसुदा सोबत आहे. दुकान तुमच्या एकटीच्या नावावर. शोकेसचं कर्ज मिस्टरांच्या नावावर आहे, ते त्यांच्याकडेच राहील, आणि त्यांच्या कामाचा मोबदला ठरवताना ते धरलं आहे. मोबदला तुम्ही हप्त्यांनी द्यायचा. हप्ता झेपेल एवढाच घातला आहे, नाहीतर तुम्ही पोटाला चिमटा घेऊन द्याल आणि मला कळवणारही नाही. संयुक्त खातं बंद करून शिल्लक निम्मी निम्मी. विम्यावर वारस म्हणून अजून एकमेकांची नावं आहेत, ती बदला. लोक विसरतात.

'त्यांनी' हा शब्द मसुद्यात औषधालाही ठेवलेला नाही. आमची टायपिस्ट कुरकुरत होती, "बाई, प्रत्येक ओळीत 'पत्नीचे वडील' कशाला? माणसाला कळतं की." म्हटलं, "कळत नाही. गपचूप टाइप कर."

या वेळी सही करण्याआधी चूक शोधा. नाही सापडली तर मला संशय येईल.

तुमची,
वकीलबाई

२ जुलै

वकीलबाई, नमस्कार.

निकालाची प्रत मिळाली. मसुद्यातली जी चूक मी दाखवली होती, दुकानाच्या पत्त्यातली, ती दुरुस्त झालेली दिसली. हे शहराच्या नव्या भागात नोकरीला लागले आहेत. पहिला हप्ता मी भरला, झेपला.

तुमचा चष्मा तयार आहे. परवा तुम्ही आतल्या खोलीत खुर्चीवर बसलात. तिथे बसवलेलं माझं पहिलं गिऱ्हाईक तुम्ही. अंधार केला, काच सरकवली, विचारलं, हे बरं की ते? तुम्ही म्हणालात, "दोन्ही चालेल." मुद्दाम म्हणालात की खरंच कंटाळला होतात, ते मला अजून कळलेलं नाही. पण मी तुम्हाला नीट बघायला लावलं. नंबर बराच वाढलेला निघाला. इतके दिवस तुम्ही माझी पत्रं कशी वाचलीत कोण जाणे.

पैसे विचारू नका. तुम्हीही घेतले नव्हते. तुम्ही मला एक मेलेला माणूस आणि एक जिवंत माणूस वेगळे करून दिलेत. त्याआधी मी दोघांसाठी मिळून एकदाच रडत होते, आणि ते कोणालाच पुरत नव्हतं.

आज सकाळी एक म्हातारे गृहस्थ आले. मुलाकडे राहायला गेले होते, वर्षभराने परतले. त्यांना काही माहीत नव्हतं. दारातूनच छत्री मिटत म्हणाले, "काय, ते आहेत ना आत?"

सवयीने माझ्या तोंडात तेच आलं होतं. आहेत, बसा. मग मी काउंटरवरून उठले आणि पडदा बाजूला केला.

"बाबा गेले, काका," मी म्हणाले. "मी आहे. या आत."